आयो, एरर!

हजार पौर्णिमा व्हायला ८० वर्षं आणि वर साधारण दहा महिने लागतात. आमच्या आण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्या सगळ्या बिनतक्रार पार पाडल्या. चंद्र मधेच अडकलाय आणि नुसतं चक्र फिरतंय, असं एकदाही झालं नाही. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे मी काढलेले १,८४३ फोटो आणि व्हिडिओ कार्डातून कॉम्प्युटरवर उतरवायला मात्र मला नऊ दिवस लागले. बावीस वर्षं सासुरवाडीत जपलेली माझी अब्रू त्या नऊ दिवसांत रोज थोडी थोडी कट होत गेली. पेस्ट कुठंच झाली नाही.

फोटो मी काढायचे हे ठरलं ते माझ्या कॉम्प्युटरच्या ख्यातीमुळं. ख्याती एवढीच, की मी बँकेत होतो आणि आमच्या शाखेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यावरचं प्लॅस्टिकचं कव्हर सकाळी काढायचं आणि संध्याकाळी घालायचं काम माझ्याकडं होतं. त्या भांडवलावर मी सासुरवाडीत तज्ज्ञ झालो. मंगळवार पेठेतल्या त्या घरात टीव्हीचा रिमोट चालेना झाला तरी मला फोन येतो. मी ‘सेल बदला’ म्हणतो. ते बदलतात, रिमोट चालतो, माझी कीर्ती वाढते.

‘फोटोग्राफर कशाला? हे आहेत की,’ असं सौ. म्हणाली. सहकाऱ्याकडून कॅमेरा आणला. कार्ड माझ्याच जुन्या मोबाईलमधलं काढून, त्याला ॲडॉप्टरचा अंगरखा घालून आत बसवलं. सोहळ्याच्या दिवशी मी वाकून, गुडघ्यावर बसून, खुर्चीवर चढून, एकदा तर जिलेबीवाल्याच्या कढईपलीकडं जाऊन फोटो काढले. परिणामी दुसऱ्या दिवशी कंबर धरली. पायही सुजले असावेत, कारण मंगल कार्यालयातनं कळंब्याला घरी पोचेपर्यंत माझी स्वतःची चप्पल मला चावायला लागली. उजव्या अंगठ्यापाशी काहीतरी टोचत होतं. कलावंतानं असल्या गोष्टी मनावर घ्यायच्या नसतात. मी चप्पल माळ्यावर टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून बूट घालायला लागलो.

आता त्या कार्डाविषयी. १५ मिलिमीटर लांब, ११ रुंद, एक जाड. करंगळीच्या नखावर ठेवलं तर कार्डच जरा बाहेर येतं. एवढ्याशा तुकड्यात आण्णा, एक्क्याऐंशी दिवे, दोनशे पाहुणे आणि त्यांचे रुसवे मावले होते. या जातीच्या मेमरीचा शोध तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी लावला आणि १९८४ साली जगापुढं मांडला. तिला ‘फ्लॅश’ हे नाव त्यांच्या एका सहकाऱ्यानं सुचवलं. का, तर तिच्यातलं सगळं एका झटक्यात पुसलं जातं ते त्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं वाटलं. म्हणजे बघा, बारशालाच तिचं नाव विसरण्यावरून ठेवलं होतं. हे आधी कळलं असतं तर मी साधा फिल्मचा रोल आणला असता.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सगळं घर कॉम्प्युटरभोवती जमलं. मी कार्ड रीडरमध्ये घातलं, रीडर वायरीला लावला आणि वायर यूएसबीच्या भोकात घालायला गेलो. गेली नाही. उलटी केली. गेली नाही. परत पहिल्यासारखी केली. गेली. हे तिन्ही पिढ्यांनी बघितलं.

‘तज्ज्ञ हायती न्हवं?’ आण्णांनी मेहुण्याला हळूच विचारलं.

मी घाईनं खुलासा केला, की यूएसबीचं असंच असतं. ती १९९६ साली आली, ज्या चमूनं केली त्याचे पुढारी इंटेलमधले अजय भट्ट, आणि दोन्ही बाजूंनी बसेल अशी केली असती तर तारा दुप्पट आणि खर्च वाढला असता, असं त्यांनीच सांगितलंय. भट्ट शिकले बडोद्याला, महाराजा सयाजीराव विद्यापीठात.

‘बडोद्याचा माणूस?’ आण्णांचा चेहरा एकदम निवळला. ‘मग सोडून द्या. शाहू महाराजांची सासुरवाड ती. सासरच्या माणसाला नाव ठिवू ने.’

शेवटचं वाक्य माझ्याकडं बघून होतं, हे सौ.नं घरी गेल्यावर समजावून सांगितलं.

कार्ड उघडलं. ‘हे ६४ जीबीचं घेतल्तं न्हवं?’ आण्णा पडद्याला नाक लावून म्हणाले. ‘हितं ५९ दावतंय. पाच कुणी खाल्लं?’ मी सांगितलं, की कार्ड करणारा हजाराच्या हिशेबानं मोजतो आणि कॉम्प्युटर एक हजार चोवीसच्या. आण्णा म्हणाले, ‘म्हंजे मापात पाप.’ एवढ्या थोडक्यात हा विषय मला कुणी समजावला नव्हता.

कॉपीला लावलं. ‘चौदा मिनिटं शिल्लक’ आलं. मग ‘दोन तास’. मग ‘पन्नास सेकंद’. मग ‘एक दिवस’. सासूबाई म्हणाल्या, ‘आमचा गवंडी असंच सांगायचा.’ पुढं नुसते टक्के बघायचे असं ठरलं, आणि तिथून त्या खोलीचा पावसाळा झाला. कोल्हापूरकराला आकडा चढताना दिसला, की तो राजाराम बंधाऱ्यावरचं पाणी बघतोय असंच त्याला वाटतं. आत-बाहेर करणारा प्रत्येक जण दारातनं विचारत होता.

‘किती झालं?’

‘छत्तीस.’

‘चढालंय का थांबलंय?’

‘चढालंय सावकाश.’

एकोणचाळीसला मेहुणा म्हणाला, ‘इशारा पातळी.’ सगळे हसले. शेजारचे दोघे बातमी ऐकून बघायला आले, कारण पाणी बघायला जायची सवय अंगातच आहे. त्यांना चहा झाला. आणि बरोबर त्रेचाळीसला, धोक्याच्या पातळीवर, ती हिरवी पट्टी जागच्या जागी थिजली. रीडरवरचा दिवा दोनदा लुकलुकला. पडद्यावर इंग्रजीत एक खिडकी आली.

‘काय म्हंतंय?’ आण्णांनी विचारलं.

‘आय-ओ एरर.’

आतनं सासूबाई पदर खोचत धावत आल्या. ‘अगं आयो! काय झालं?’

तेव्हापासून त्या घरात त्या दुखण्याचं नाव ‘आयो एरर’ पडलं. मूळ नावापेक्षा हे बरं आहे. मूळ नावाचा अर्थ ‘आत-बाहेरचा घोटाळा’ एवढाच होतो, दुखतंय किती ते त्यातनं कळत नाही.

सौ. म्हणाली, ‘वायर बदलून बघा.’

कुणी ऐकलं नाही. हे इथं नोंदवून ठेवतो, कारण पुढं ते तिनं रोज नोंदवलं.

त्याऐवजी भाच्यानं कार्ड काढलं आणि त्याच्यावर फुंकर मारली. माझ्या मेहुण्याचा हा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हटलं, हे तुम्हांला शिकवतात? तर म्हणाला, ‘मामा, व्हिडिओ गेमची कॅसेट अशीच चालायची, पप्पांनी सांगितलंय.’ मग पप्पांनी फुंकर मारली. पप्पांच्या वेळी टेपरेकॉर्डरच्या हेडवर मारायचे. मग शेजाऱ्यांनी मारली, कारण चहा घेतला होता. आपल्याकडं गुडघा फुटला तर फुंकर, दूध तापलं तर फुंकर, चूल पेटेना झाली तर फुंकर. मग एवढ्याशा कार्डानं काय पाप केलंय? सौ. मोबाईलमध्ये बघून म्हणाली, ‘फुंकर मारू नये, तोंडातली वाफ पट्ट्यांवर बसते.’ सगळ्यांनी एकमेकांकडं दोष देणाऱ्या नजरेनं बघितलं. सगळे जेवायला गेल्यावर मी एक बारीकशी मारून घेतली.

दुसऱ्या दिवशी आजारानं नाव बदललं. आता खिडकीत ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असं आलं.

‘सायकलचा काय संबंध?’ आण्णा म्हणाले.

मी रात्री जागून याचा अभ्यास केला होता. म्हटलं, आण्णा, शाहूपुरीतला गूळ आठवा. शाहू महाराजांनी १८९५ साली ती पेठ वसवली, तेव्हापासून गाडी आली, की चिठ्ठी येते. चिठ्ठीवर रव्यांची बेरीज असते. इथं रवे उतरवून मोजायचे. बेरीज जुळली तर माल आत. नाही जुळली तर दिवाणजी म्हणतो, परत मोज. परत नाही जुळली, परत मोज. कॉम्प्युटर तसाच प्रत्येक तुकड्याची चिठ्ठी बघतो आणि बेरीज चुकली, की पुन्हा पुन्हा तोच तुकडा मागतो. म्हणून पट्टी थिजते. शेवटी कंटाळून म्हणतो, मी हा माल उतरवून घेणार नाही.

आण्णांनी शांतपणे ऐकलं. ‘कळलं. गूळ पाघळलाय.’

मग त्यांनी चष्मा वर केला आणि माझ्या पोटात गोळा आला. आण्णांची हयात शिवाजी उद्यमनगरात लेथवर गेली. उद्यमनगराचा नियम असा, की देवानं केलेलं काहीही उघडता येतं, आणि माणसानं केलेलं असेल तर तसंच दुसरं करून मिळतं. तुटका पार्ट घेऊन जायचं, दोन दिवसांनी नवा न्यायचा, वर ‘पहिल्यापेक्षा भारी झालाय’ हे ऐकायचं. आण्णांनी कार्ड भिंगाखाली धरलं. पाठीवरच्या आठ सोनेरी पट्ट्या मोजल्या. ‘जावईबापू, हिच्यावर मळ बसलाय. पॉलिश पेपर आणा, झिरो नंबर.’

‘आण्णा, नको!’

‘का? इंजिनाचे पॉइंट आमी तसंच घासत हुतो.’

‘ही पट्टी केसापेक्षा पातळ असते आण्णा.’

‘मग उद्यमनगरात द्या, जाड करून देत्यात.’

कार्ड मी अक्षरशः त्यांच्या चिमटीतनं सोडवलं. तेव्हा ते बोलले नाहीत, पण मनाला लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी आम्ही कार्ड घेऊन राजारामपुरीतल्या दुकानात निघालो, तेव्हा त्यांनी गाडी मुद्दाम वाकड्या वाटेनं खरी कॉर्नरवर न्यायला लावली आणि तिथल्या कॅमेऱ्याच्या स्तंभापुढं थांबवली.

‘बगा,’ ते म्हणाले. ‘बाबूराव पेंटरांनी १९१८ ला ह्या गावात स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला. त्याच्यावर सैरंध्री काढला. आणि तुमाला तयार कॅमेऱ्यातलं फोटो भायेर काढता येइनात.’

रस्त्यावरच्या दोन माणसांनी माझ्याकडं बघितलं. स्तंभापुढं मी हात जोडले. दुसरं काय करणार?

दुकानातल्या पोरानं कार्ड लावलं, अर्धा सेकंद बघितलं आणि म्हणाला, ‘भावा, फॉरमॅट मारू?’

फॉरमॅट म्हणजे कार्ड कोरं करणं. पायात काटा मोडला म्हणून गेलो तर वैद्यानं ‘नवीनच जन्म घेता का?’ विचारावं, तसलं हे. पण त्या पोराचा दोष नाही. कॉम्प्युटरसुद्धा तेच म्हणत होता: आधी फॉरमॅट करा, मग वापरा. आणि बटण दाबायला लावताना बोट आपसूक त्या ‘हो’वरच जावं, अशी त्याची रचना. मी दोन्ही हात मागं बांधून ‘नको’ म्हटलं.

‘मग काय करायचं?’ त्यानं विचारलं. त्याच्याकडं एकच औषध होतं.

लक्ष्मीपुरीतल्या दुसऱ्या दुकानात साहेब खुर्चीवर होते. त्यांनी आधी विचारलं, ‘डेटा महत्त्वाचा आहे का?’ मी ‘हो’ म्हणताच रक्कम सांगितली. ‘तितकासा नाही’ म्हटलं असतं तर किती सांगितली असती, हे विचारायचं धाडस झालं नाही. ‘गॅरंटी नाही, पैसे आधी,’ असं पुढचं वाक्य होतं. आम्ही बाहेर येऊन मिसळ खाल्ली. आण्णांनी कट मागितला, आणि तर्री बघत बघत म्हणाले, ‘परत काढूया का फोटो?’

हे काही तितकं वेडगळ नाही. १९४८ च्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ जळाला आणि भालजी पेंढारकरांचा ‘मीठभाकर’ त्यात गेला, तर त्यांनी अख्खा सिनेमा परत काढला. कोल्हापूरला ही परंपरा आहे. पण दोनशे पाहुणे, एक्क्याऐंशी दिवे आणि पुण्याच्या आत्याबाई परत कुठनं आणायच्या? ‘मी पुन्यांदा एक्क्याऐंशी व्हायला तयार हाय,’ आण्णा म्हणाले, ‘पर जिलेबीवाल्याचं बिल कोण देणार?’ बिलाचा विषय निघताच मी पाव मागवला.

चौथ्या दिवशी भाच्यानं कॉलेजातनं शिकून येऊन फोटोरेक नावाचा प्रोग्रॅम चालवला. तो फायलींची नावं-गावं बघत नाही. कार्डातला कण न् कण चाळून, हा फोटोसारखा दिसतोय, म्हणजे फोटोच असणार, असं म्हणून उचलून ठेवतो. रात्रभर चालला. सकाळी म्हणाला, ‘मामा, सहाशे मिळाले!’ सगळं घर जमलं. मी अभिमानानं पहिला उघडला.

तो आण्णांचा नव्हता. तो माझ्या रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट होता. दुसरा, रंकाळ्यावर पोट आत ओढून मी स्वतःच काढलेला माझा फोटो, तसले अकरा. नंतर गुलाबावर ‘सुप्रभात’ लिहिलेले तीन-चार डझन. कार्ड पूर्वी माझ्या मोबाईलात होतं ना! पुसलेला फोटो खरं तर पुसला जात नाही. त्याच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो तिथंच पडून असतो, नुसती यादीतनं त्याची ओळ खोडलेली असते. म्हणजे जे पाहिजे ते कार्ड द्यायला तयार नाही, आणि जे मी मुद्दाम खोडलं ते एकेक काढून सासुरवाडीपुढं मांडतंय.

‘हा कुठला ओ?’ मेहुण्यानं विचारलं.

पन्हाळा होता. मी झुणका-भाकर खात होतो, हातात कांदा, तोंडभर हसू. आणि हे प्रोग्रॅम एवढे इमानी असतात, की फोटोच्या पोटातली तारीखही जशीच्या तशी परत आणतात. मेहुण्यानं तारीख वाचली. त्या तारखेला त्याची वास्तुशांत होती. पाय मुरगळलाय, पलंगावरनं उठता येत नाही, असं मी फोनवर त्याला स्वतः कळवलं होतं.

‘पाय बरा झाला न्हवं त्या दिवशी दुपारपर्यंत?’ मेहुणा म्हणाला.

सौ.नं वायरीचा विषय काढला. त्या क्षणी तो मला फार प्रिय वाटला.

वायरींसाठी त्या घरात चिवड्याचा एक जुना डबा आहे. प्रत्येक घरात असतो. उघडला तर आत गुंतवळ. त्यातली एकही कशाची आहे हे कुणाला माहीत नाही आणि एकही टाकायची नाही असं सगळ्यांचं ठरलेलं. पाच वायरी लावून बघितल्या. दोन मेलेल्या होत्या. दोन नुसत्या चार्जिंगच्या होत्या. त्यांच्यातनं वीज जाते, फोटो जात नाहीत, कारण आतल्या माहितीच्या तारा करणाऱ्यानंच वाचवलेल्या असतात. पाचवी लावल्यावर ‘टुडुंग’ असा आवाज झाला, घर आनंदलं, आणि लगेच उलटा ‘डुंगटू’ झाला. मेहुण्यानं वायर एका विशिष्ट कोनात धरली. तशी धरल्यावर चालत होतं. तो अकरा मिनिटं ध्रुवबाळासारखा उभा राहिला. मग त्याला शिंक आली.

इथं मला पहिल्यांदा नवल वाटलं ते आण्णांचं. सकाळ-संध्याकाळ फोन. ‘किती झालं ओ?’ रात्री साडेदहाला फोन. ‘शेवटचं तरी फोटो निगतील का? दाराजवळचं?’ मी भारावलो. सौ.ला म्हटलं, बघ, या वयात माणूस आठवणींना किती जपतो. पाहुणे निघतानाचे क्षण त्यांना परत बघायचेत.

‘आठवणी कसल्या?’ सौ. म्हणाली. ‘चप्पल गेलीय त्यांची.’

मग सगळं उलगडलं. सोहळ्यासाठी आण्णांनी खास कापशी चप्पल करून घेतली होती. करकर वाजणारी. इटलीत २०२५ साली प्राडाच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारखी चप्पल झळकल्यापासून आण्णा आपल्या चपलेला जिवापाड जपतात, देवळातसुद्धा पिशवीत घालून नेतात. एक दिवस नुसती दाराबाहेर काढली, आणि कुणीतरी घालून गेलं.

‘घालून गेलं ते गेलं,’ दुसऱ्या दिवशी आण्णा मला सांगत होते, ‘वर आपली ठिवून गेलं. आसली होडी! पिशवीत बांधून ठेवलीय माळ्यावर, फोटोतनं माणूस सापडल्याबिगार सोडायची न्हाई. मी नीट बगितलीय ती. टाचंला भायेरनं झिजलीय, म्हंजे गडी फेंगडा चालतोय. मधी खड्डा पडलाय, म्हंजे खुर्चीत बसून खाल्लेला हाय. आंगठा सैल झालाय, म्हंजे आळशी, पाय उचलत न्हाई, वडतोय.’

‘असल्या माणसाला जोडे मारले पाहिजेत,’ मी म्हणालो.

‘जोडं कुठलं? माजीच चप्पल काढून मारनार. वळखू येती. उजव्या आंगठ्यापाशी मी स्वतः पितळंचा रिव्हेट ठोकलाय.’

मी मान डोलावली. आण्णांच्या कारागिरीचं कौतुक केलं. वर बोललो, की आता मी हे कार्ड वाचवल्याशिवाय गप्प बसणार नाही.

सातव्या दिवशी कार्ड भडंगात पडलं.

सासूबाईंनी कॉम्प्युटरच्या टेबलावर भडंगाची परात ठेवली होती. मी ॲडॉप्टरमधनं कार्ड काढताना ते चिमटीतनं उडालं. हवेत एक कोलांटी मारली आणि चुरमुऱ्यात गडप झालं. ‘कुणी हलू नका!’ मी ओरडलो. मेहुण्याच्या तोंडात घास होता. तो न चावता थांबला. त्याचे डोळे हळूहळू मोठे झाले. सासूबाईंनी वर्तमानपत्र पसरलं, परात ओतली, आणि आम्ही सहा माणसं गव्हातले खडे वेचावेत तसे बसलो. शेंगदाणा बाजूला, कढीपत्ता बाजूला, लसूण बाजूला. तळलेला कढीपत्ता आणि मेमरी कार्ड यांच्यात लांबून काहीही फरक नाही. आण्णांनी एक कढीपत्ता भिंगाखाली धरून उलटसुलट बघितला आणि खाल्ला. कार्ड शेवटी एका सपाट लसणीला चिकटलेलं सापडलं, तेला-तिखटानं न्हालेलं. मेहुण्यानं तेव्हा घास गिळला.

आता मात्र घासण्याला पर्याय नव्हता. पॉलिश पेपर आणि फुंकर यांच्यातला तह म्हणून खोडरबर ठरला. पांढरा, नवा. आण्णांनी पाटावर बसून, भिंग लावून, त्या आठ पट्ट्या इतक्या अलगद पुसल्या की बघत राहावं. त्यांचा हात थरथरत नव्हता. एका पट्टीवर तिखटाचा कण अडकला होता, तो त्यांनी मऊ कापडाच्या टोकानं उचलला आणि सवयीनं त्यावर फुंकर मारली. मग आमच्याकडं बघितलं. आम्ही सगळ्यांनी भिंतीकडं बघितलं.

त्याच दिवशी भाच्यानं कॉलेजच्या मित्राचा नवा रीडर आणला. सौ.नं येताना स्वतःच्या पैशानं नवी वायर आणली आणि ती न बोलता टेबलावर ठेवली, जरा आवाज करून. मेहुण्यानं कॉम्प्युटर ओढून वायर मागच्या भोकात लावली. पुढचं भोक गणपतीत दिव्यांच्या माळेला वापरलेलं, आणि टॉर्च मारला तर आत गुलाल होता. सासूबाईंनी देवापुढं नारळ ठेवला. ही पाचही कामं एकाच अर्ध्या तासात झाली. मी एवढंच केलं, की सगळं एकदम उचलण्याऐवजी शंभर-शंभर फोटोंचे गठ्ठे केले.

चढत गेलं. एकोणचाळीस ओलांडली. त्रेचाळीसला कुणी श्वास घेतला नाही. चव्वेचाळीस. आठव्या दिवशी रात्री फोटो संपले, नवव्या दिवशी व्हिडिओ. आण्णांच्या भाषणाची एकच फाइल पाच जीबीची होती आणि पेन ड्राइव्हवर २८ जीबी जागा असून तो ती घेईना. त्याच्या जुन्या पद्धतीत चार जीबीच्या वरची एक फाइल बसतच नाही, मग जागा कितीही असो. रिकाम्या बसच्या दारात कंडक्टरनं ‘माणूस जाडा आहे, पुढच्या गाडीनं या’ म्हणावं, त्यातला प्रकार. आण्णांना सांगितलं, भाषण लांबल्यामुळं मावत नाही. ते दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होते.

आणि गुण कशानं आला? आण्णा म्हणतात, घासल्यानं. भाचा म्हणतो, रीडर. मेहुणा म्हणतो, मागचं भोक. सासूबाईंनी नारळ फोडून खोबरं वाटलं आणि वाद घालायची गरजच ठेवली नाही. सौ. काही म्हणाली नाही. जुनी वायर गुंडाळून तिनं केराच्या डब्यात टाकली. थोड्या वेळानं आण्णांनी ती उचलून, पुसून, चिवड्याच्या डब्यात ठेवली. ‘चांगली हाय की.’

रविवारी तांबडा-पांढरा झाल्यावर मोठ्या टीव्हीवर फोटो लावले. लॅपटॉप माझ्या मांडीवर, सगळं घर पुढं, आण्णा अगदी पुढं, खुर्ची ओढून. हातात भिंग. शेजारी ती बांधलेली पिशवी, पुरावा म्हणून. एक्क्याऐंशी दिव्यांच्या धुरानं आण्णांचे डोळे बहुतेक फोटोंत मिटलेले होते, त्याची त्यांना काही पडलेली नव्हती. ते प्रत्येक फोटोत खालच्या कडेला बघत होते. ‘पाय न्हाई आलं. पुढं.’ ‘ह्याच्यात टेबल आडवं आलंय. पुढं.’ पुण्याच्या आत्याबाई, जिलेबीवाला, जिलेबी, जिलेबीवाला, दुरून जिलेबी. शेवटी दाराजवळचे फोटो आले. आण्णा खुर्चीच्या टोकावर सरकले.

माझ्या पडद्यावर खाली पुढच्या फोटोंची बारीक बारीक चित्रं दिसतात. टीव्हीवर ती दिसत नाहीत. १,८०७ नंबरचा फोटो भाच्यानं काढला होता, निघताना, ‘मामा, तुमचा एक राहिलाच’ म्हणून. दारात मी आणि सौ. जोडीनं उभे. अंधार पडला होता, म्हणून फ्लॅश. डोक्यापासून पायापर्यंत. मी हसतोय, आणि माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यापाशी, फ्लॅशच्या उजेडात, एक पिवळाधमक ठिपका चमकतोय.

‘हं, पुढं,’ आण्णा म्हणाले.

सौ.नं लॅपटॉपवर बघितलं. मग माझ्या बुटांकडं बघितलं. मग माझ्याकडं.

‘का ओ, थांबलं का?’

‘हा उघडत नाही, आण्णा.’

‘काय म्हंतंय?’

‘आय-ओ एरर.’

‘अगं आयो!’ सासूबाई स्वयंपाकघरातनं म्हणाल्या.